ट्राउट लेक ते रँडल : जंगलरस्त्यांवरची सायकलसफर

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या उत्तरेला, गिफर्ड पिंशो राष्ट्रीय वन आहे. विस्तार सुमारे 13 लाख एकर. पूर्व अंगाला 3,742 मीटर उंचीचा माउंट ॲडम्स आणि पश्चिमेला 1980 साली फुटलेला माउंट सेंट हेलेन्स, अशा दोन ज्वालामुखींमधला हा मुलूख डग्लस फर, हेमलॉक आणि सीडर या उंच सूचिपर्णी झाडांनी भरलेला आहे. 1908 मध्ये ‘कोलंबिया राष्ट्रीय वन’ या नावाने त्याची स्थापना झाली. अमेरिकी वनखात्याचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंशो यांचे नाव त्याला 1949 मध्ये मिळाले. दक्षिणेला ट्राउट लेक आणि उत्तरेला रँडल ही दोन लहान गावे या वनाच्या कडेला आहेत. त्यांना जोडणारा वनखात्याचा 23 क्रमांकाचा रस्ता सुमारे 55 मैलांचा, म्हणजे नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. मध्ये गाव नाही, दुकान नाही आणि बहुतेक भागात मोबाईलला रेंजही नाही. रँडल सिॲटलकरांना आणि ट्राउट लेक पोर्टलंडकरांना मोटारीने दोनेक तासांवर पडते. त्यामुळे खडीच्या रस्त्यांवर दोन दिवस सायकल चालवू पाहणाऱ्या गटाला हा मुलूख सोयीचा आहे. नोकरीनिमित्त या दोन शहरांत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनाही तो जवळचाच.

हे रस्ते सहलीसाठी बांधलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीला लाकूड हवे होते, आणि ओंडके वाहणारे ट्रक डोंगरउतारांपर्यंत नेता यावेत म्हणून वनखात्याने जंगलात रस्त्यांचे जाळे विणले. देशभरच्या राष्ट्रीय वनांतील अशा रस्त्यांची एकूण लांबी साडेतीन लाख मैलांहून अधिक आहे. त्यांच्या डागडुजीचा बराच भार लाकूड विकत घेणाऱ्या कंत्राटदारांवर असे. 1990 मध्ये नॉर्दर्न स्पॉटेड आउल या घुबडाला कायद्याचे संरक्षण मिळाले, 1994 मध्ये ‘नॉर्थवेस्ट फॉरेस्ट प्लॅन’ लागू झाला आणि या भागातील वृक्षतोड एकदम घटली. ट्रक कमी झाले तशी खडी टाकणारी, नाल्या उपसणारी यंत्रेही कमी झाली. हिवाळी पावसात मोऱ्या पानापाचोळ्याने तुंबतात, पाणी रस्त्यावरून वाहू लागते आणि एखाद्या रात्रीत भरावासकट रस्ता दरीत जातो. 2006 च्या नोव्हेंबरातील अतिवृष्टीने या वनातील अनेक रस्ते असेच तोडले. शेजारचे माउंट रेनियर राष्ट्रीय उद्यान तर त्या वेळी मोटारींसाठी सहा महिने बंद राहिले. वर्दळ नसलेला, खडीचा, मैलोन्‌मैल लांब रस्ता सायकलस्वाराला मिळतो तो या इतिहासामुळे. मोरी वाहून गेलेला, झाड आडवे पडलेला किंवा झुडपांत हरवलेला रस्ताही त्याच इतिहासामुळे वाट्याला येतो. इथल्या सफरीच्या आखणीतला पहिला आणि सर्वांत मोठा भाग म्हणूनच अंतर मोजण्याचा नाही. ठरवलेला रस्ता आज जागेवर आहे का, हे शोधण्याचा आहे.

त्यासाठी वनखात्याची क्रमांकांची भाषा समजावी लागते. दोन आकडी रस्ते हे मुख्य, उदाहरणार्थ 23, 24, 56 किंवा 90. त्यांतून फुटणाऱ्या रस्त्याला चार आकडे असतात, त्यामुळे 2329 हा 23 चा फाटा हे क्रमांकावरूनच कळते. त्या फाट्यालाही जी शेपटी फुटते तिला सात आकडे. जागेवरच्या खांबावर मात्र शेवटचे तीनच लिहिलेले असतात, आणि नवखा माणूस नकाशात ‘078’ शोधत बसतो. पाटीची ठेवणही बोलकी आहे. क्रमांक आडवा लिहिलेला असेल तर तो रस्ता साध्या मोटारीसाठी राखला जातो. अरुंद खांबावर वरून खाली उभा लिहिलेला असेल तर तिथे उंच चाकांची गाडीच न्यावी, असा संकेत. खाते रस्त्यांच्या देखभालीला 1 ते 5 असे दर्जे देते. 1 म्हणजे वाहनांना बंद, 2 म्हणजे उंच गाड्यांपुरता, 3 पासून पुढे साध्या मोटारीला योग्य आणि 5 म्हणजे गुळगुळीत डांबरी. सायकलस्वारांच्या गटाला 2 आणि 3 या दर्जांत रस असतो. दर्जा 1 चा रस्ता कागदावर मोहक दिसतो, पण त्यावर दहा वर्षांची अल्डरची झुडपे उभी असू शकतात. त्यातून सायकल ढकलत काढायची तर तासाला एक मैलही होत नाही.

नकाशे निदान दोन तऱ्हांचे हवेत. पहिला वनखात्याचा मोटार-वाहन वापर नकाशा. तो काळा-पांढरा आणि रुक्ष असतो, फुकट मिळतो, डोंगराचा चढ-उतार दाखवत नाही; पण कोणता रस्ता कोणत्या वाहनाला आणि वर्षाच्या कोणत्या काळात खुला आहे, हे कायद्याने सांगणारा कागद तोच. दुसरा समोच्च रेषा असलेला नकाशा, ज्यावरून चढ मोजता येतो. उपग्रहचित्रांवरून रस्ता पाहणे उपयोगी पडते, पण दाट झाडीत खालचे काही दिसत नाही आणि चित्र किती जुने आहे याचा भरवसा नसतो. मोबाईलवरचे वाट दाखवणारे ॲप तर बंद पडलेला रस्ताही उत्साहाने सुचवते. या सगळ्यांपेक्षा एक फोन अधिक मोलाचा. ट्राउट लेकला आणि रँडलला वनखात्याच्या विभागीय कचेऱ्या आहेत. बर्फ कुठपर्यंत हटला, पूल शाबूत आहे का, यंदा कोणत्या उतारावर लाकूडतोड चालू आहे, ही माहिती तिथे मिळते. ‘रस्ता कसा आहे?’ असे मोघम विचारले तर मोघमच उत्तर येते. रस्त्याचा क्रमांक आणि दोन टोकांची नावे घेऊन विचारले की समोरचा माणूस नकाशा उघडतो.

कायद्याच्या बाबी थोड्या आहेत, पण त्या चुकवून चालत नाही. साधी सायकल वनरस्त्यांवर मुक्तपणे नेता येते. मोटारींना फाटक लावून बंद केलेल्या रस्त्यावरही, वेगळा मनाई हुकूम नसेल तर, तिला सहसा आडकाठी नसते. बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीला मात्र हे खाते मोटार-वाहनात धरते, म्हणून गटात एक जरी ई-बाईक असली तरी सगळी वाट मोटारींना खुल्या रस्त्यांवरूनच आखावी लागते. 1964 च्या कायद्याने राखीव ठेवलेल्या निर्जन प्रदेशांत, म्हणजे इथे माउंट ॲडम्स, गोट रॉक्स आणि इंडियन हेवन या भागांत, सायकल चालवणेच काय, ढकलत नेणेही चालत नाही. कॅनडाच्या सीमेपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणारी पॅसिफिक क्रेस्ट पायवाटही सायकलींना बंद आहे. नकाशावर ती जवळची वाट म्हणून कितीही खुणावत असली तरी. ॲडम्सच्या पूर्व उतारावर याकामा या आदिवासी राष्ट्राची राखीव भूमी सुरू होते. तिथले नियम आणि परवाने त्यांचे स्वतंत्र आहेत. राष्ट्रीय वनात विनाव्यापारी गटाला परवाना लागतो तो 75 माणसांपासून पुढे. पण आयोजकाने सहभागाची फी आकारली की माणसे कितीही असोत, ती व्यापारी सफर ठरते आणि वेगळी परवानगी घ्यावी लागते. मित्रमंडळींनी पेट्रोल आणि शिधा वाटून घेतला तर तो प्रश्न उद्भवत नाही.

हंगामाचे गणित सह्याद्रीच्या उलट आहे. महाराष्ट्रात पावसाळा ओसरला की भटक्यांना पाय फुटतात. इथे हिवाळा ओला असतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा. चार हजार फुटांवरच्या रस्त्यांवर जूनच्या अखेरीपर्यंत बर्फ पडून असते, आणि सावलीतल्या वळणांवर तर एखाद्या साली जुलैतही ते आडवे येते. जुलैत बर्फ वितळलेल्या तळ्यांकाठी डासांचे थवे असतात. थांबून पंक्चर काढणे ही त्या दिवसांत खरी शिक्षा. ऑगस्टमध्ये डास ओसरतात आणि वणव्यांचा काळ सुरू होतो. 2012 मध्ये ॲडम्सच्या दक्षिण उतारावर आणि 2015 मध्ये पुन्हा त्याच पर्वताच्या अंगावर मोठे वणवे लागले. वणवा दूर असला तरी धुराने दम लागतो, आणि जवळ असला तर रस्ते एका दिवसात बंद होतात. जळून उभ्या राहिलेल्या वाळक्या झाडांखाली वाऱ्याच्या दिवशी थांबू नये, तंबू तर मुळीच ठोकू नये. सप्टेंबरचा पूर्वार्ध प्रस्तुत लेखकाला सर्वांत चांगला वाटतो. हवा थंड, डास नाहीत, हकलबेरी पिकलेल्या. त्या महिन्यात शिकारीचे काही हंगाम सुरू होतात आणि ऑक्टोबरच्या मध्यावर बंदुकीने हरणांची शिकार करणारे मोठ्या संख्येने येतात. सायकलस्वारावर रंगाची सक्ती नाही, पण नारिंगी बंडी घालण्यात शहाणपण आहे. तारीख निवडताना एक राखीव तारीखही त्याच दिवशी ठरवून टाकावी. वणव्यामुळे बेत मोडला तर नवी तारीख जुळवण्यात उरलेला हंगाम निघून जातो.

आता माणसे. रस्त्याइतकाच हा भाग नाजूक, आणि आखणाऱ्याला अवघड. सहा ते दहा जणांचा गट सांभाळायला बरा. चारांहून कमी नसावेत: एक जायबंदी झाला तर एकाने त्याच्याजवळ थांबायचे आणि दोघांनी मदतीला जायचे, हे गिर्यारोहकांचे जुने गणित इथेही लागू पडते. दहांच्या वर गेले की प्रत्येक थांबा वाढत जातो. कोणाची बाटली भरायची राहिलेली असते, कोणाला फोटो काढायचा असतो, आणि दहा मिनिटांचा थांबा अर्ध्या तासावर जातो. डांबरी रस्त्यावर ताशी पंचवीस किलोमीटरने सहज जाणारा स्वार खडीच्या चढावर दहा-बाराने जातो. थांबे धरून गटाची दिवसभराची सरासरी ताशी अकरा-बारा किलोमीटर धरावी, आणि ती धरताना सर्वांत हळू माणूस डोळ्यांसमोर ठेवावा. आपल्या मंडळींत ‘जमेल रे’ म्हणण्याची एक लागट सवय आहे. आधी कोणी मागे हटत नाही आणि चाळिसाव्या किलोमीटरला चेहरा बोलू लागतो. म्हणून आखणाऱ्याने ‘जमेल का?’ हा प्रश्न विचारूच नये. खडीवर सलग किती तास बसला आहात, ओझे लावून चढ चढला आहात का, चालत्या गटात स्वतःचे टायर बदलले आहे का, असे नेमके प्रश्न विचारावेत.

त्याहून बरी म्हणजे सर्वांनी मिळून केलेली चाचणी. सिॲटलच्या पूर्वेला जुन्या लोहमार्गावर केलेली ‘पलूस टू कॅस्केड्स’ ही खडीची वाट त्यासाठी उत्तम आहे. आगगाडीसाठी आखलेली असल्याने तिचा चढ सौम्य आहे. वर स्नोक्वाल्मी खिंडीखालून सव्वादोन मैलांहून लांब बोगदा जातो. आत मिट्ट काळोख आणि ऐन उन्हाळ्यातही गारठा, त्यामुळे कोणाचा दिवा चालतो, कोणाकडे जाकीट आहे आणि कोण गटाला सोडून पुढे पळतो, हे एका दुपारीत कळते.

सायकलीबद्दल दुकानात वाटेल तितके ऐकायला मिळते. इथे कामाचे तेवढेच. या रस्त्यांवरची खडी ज्वालामुखी खडकाची, फोडलेली आणि धारदार असते. ती टायरच्या तळापेक्षा बाजू कापते. टायर 45 ते 50 मिलिमीटर रुंद, ट्यूबलेस, आत ताजे सीलंट. शिवाय भोके बुजवायच्या वाती, बाजू फाटली तर आतून लावायचा जाड तुकडा आणि दोन ट्यूब प्रत्येकाकडे हव्यात. मागच्या डिरेलरला फ्रेमशी जोडणारा धातूचा छोटा कान, ज्याला हँगर म्हणतात, तो पडल्यावर मुद्दाम वाकावा किंवा तुटावा असाच बनवलेला असतो. बहुतेक मॉडेलांचे हँगर वेगवेगळे असतात, त्यामुळे दुसऱ्याचा सहसा उपयोगी पडत नाही. एवढीशी ही वस्तू घरी राहिली म्हणून भल्याभल्यांना मैलोगणती चालावे लागते. साखळीची जोडकडी, साखळीतोड, हातपंप आणि प्रथमोपचाराची पेटी गटात वाटून घेता येते. कोणाकडे काय आहे याची यादी मात्र प्रत्येकाजवळ असावी. लांब उतारावर वेगाने जाणाऱ्या चाकांमुळे सैल खडीत आडव्या लाटा तयार होतात. त्यांवरून जाताना बाटल्या निसटतात, पिशव्यांचे पट्टे सैल होतात, मनगटे बधिर होतात. निघण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळणे हा त्यावरचा कंटाळवाणा पण खात्रीचा उपाय आहे.

सफर दक्षिणेकडून सुरू करावी. ट्राउट लेक सुमारे 1,900 फुटांवर आणि रँडल सुमारे 900 फुटांवर, त्यामुळे बहुतेक चढ पहिल्या दिवशी, माणसे ताजी असताना संपतो. ट्राउट लेकच्या दुकानात शेवटची खरेदी होते. शाकाहारी माणसाने तिच्यावर फार विसंबू नये. ताशी साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत, आणि त्यासाठी महागड्या जेलच्या पाकिटांपेक्षा शेंगदाण्याची चिक्की, खजूर आणि गुळाच्या पोळ्या जास्त टिकतात. सिॲटलजवळच्या रेडमंड-बेलव्ह्यूच्या भारतीय दुकानांत चिक्की-खजूर मिळतो. पोळ्या घरूनच न्याव्यात. गावाबाहेर पडल्यावर 23 क्रमांकाचा रस्ता आधी डांबरी आहे, आणि तिथे गट विखुरतो. जोराचे जोरात जातात, मागचे मागे राहतात, फाट्यांना सुरुवात होते तेव्हा दोघांत तीन मैलांचे अंतर पडलेले असते. नियम एकच आणि साधा ठेवावा: प्रत्येक फाट्याला पुढच्याने थांबायचे, मागचा नजरेस पडल्याशिवाय वळायचे नाही. सर्वांत मागे एक अनुभवी स्वार कायम राहील. त्याच्या मागे कोणी नाही, हे सर्वांना ठाऊक असावे.

पुढे डांबर संपते आणि बेबीशू पास या खिंडीच्या आसपास खडीचा पट्टा लागतो. इथला खरा धोका ओंडके वाहणाऱ्या ट्रकांचा. तोड कमी झाली असली तरी थांबलेली नाही, आणि भरलेला ट्रक उतारावर चटकन थांबू शकत नाही. चालक एकमेकांना रेडिओवर आपला मैलाचा दगड सांगत येतात. सायकलस्वाराला ते संभाषण ऐकू येत नाही. म्हणून आंधळ्या वळणांवर उजवी कड धरायची, दोघांनी शेजारी चालवायचे नाही, कानात गाणी नाहीत. ट्रकचा आवाज आला की रस्त्याबाहेर उतरून उभे राहायचे. तो गेल्यावर फुफाटा खाली बसेपर्यंत आणखी एक मिनिट थांबायचे, कारण दुसरा ट्रक पहिल्याच्या धुळीतून येतो. शनिवार-रविवारी ही वाहतूक बरीच कमी असते.

वाट थोडी वाकडी करायची तयारी असेल तर खिंडीच्या अलीकडे 24 क्रमांकाच्या रस्त्यावरून सॉटूथ बेरी फील्ड्सकडे जाता येते. इथल्या हकलबेरी याकामा लोकांच्या अन्नाचा आणि श्रद्धेचा भाग आहेत. 1930 च्या आसपासच्या मंदीच्या वर्षांत बाहेरच्या लोकांची इथे झुंबड उडू लागली, तेव्हा 1932 मध्ये वनाचे तत्कालीन अधिकारी आणि याकामा प्रमुख विल्यम यालप यांनी हस्तांदोलन करून ठरवले की या झुडपांचा एक भाग याकामा लोकांसाठीच राहील. तो शब्द आजही पाळला जातो आणि तशा पाट्या रस्त्याकडेला आहेत. इतरत्र घरी न्यायला बेरी तोडायच्या तर वनखात्याचा मोफत परवाना आधी काढावा लागतो आणि किती तोडायच्या यालाही मर्यादा आहे. गटातल्या प्रत्येकाला हे निघण्याआधी सांगून ठेवावे. पिकलेली झुडपे समोर आल्यावर पाट्या वाचण्याइतका धीर कमी जणांना असतो.

मुक्कामासाठी 2329 क्रमांकाच्या फाट्यावरचे टॅकलॅक तळे नामी आहे. साडेचार हजार फुटांच्या जरा खाली, झाडीत लपलेले तळे, आणि पाण्यापलीकडे ॲडम्सचा हिमनद्यांनी मढलेला वायव्य चेहरा. ही जागा लोकप्रिय आहे. उन्हाळी शनिवारची आरक्षणे बरीच आधी भरतात, आणि एका जागेवर ठरावीकच माणसे चालतात, म्हणून गटाला दोन-तीन जागा लगतच्या घ्याव्या लागतात. नळाचे पाणी गृहीत धरू नये. तळ्याचे किंवा ओढ्याचे पाणी गाळून अथवा उकळून घ्यावे. कितीही नितळ दिसले तरी त्यात जियार्डिया हा पोट बिघडवणारा परजीवी असू शकतो. हिमनदीतून थेट येणारे ओढे दुपारी पिठूळ पांढरे होतात आणि तो बारीक गाळ फिल्टर बुजवतो. तसेच पाणी घ्यायची वेळ आली तर भांड्यात तासभर निवळू द्यावे आणि वरचे गाळावे. काळी अस्वले या वनात आहेत, कूगरही आहेत. दोन्ही सहसा माणसाला टाळतात, पण तंबूत खाऊ ठेवणे म्हणजे त्यांना आवतण देणे. सप्टेंबरात रात्रीचे तापमान शून्याजवळ जाते. ओले मोजे घालून झोपणाऱ्याला पहाटे ते समजते.

मोटारींचा प्रश्न इथेच सोडवलेला बरा. एका टोकाहून निघून दुसऱ्याला पोचायचे, तर गाड्या कुठे ठेवायच्या? जंगल टाळून महामार्गाने फेरा घातला तर काही तास जातात. सर्वांत सुटसुटीत म्हणजे गटातल्या एकाने उंच चाकांची गाडी घेऊन मुख्य रस्त्याने यावे, तंबू आणि स्वयंपाकाचे सामान मुक्कामी आणावे आणि दुसऱ्या दिवशी रँडलला थांबावे. गाडी आहे म्हणून सायकलवरचे पाणी, खाणे आणि गरम कपडे कमी करायचे नाहीत. फाट्यांवर गाडी येऊ शकेलच असे नाही, आणि रेंज नसल्याने तिला बोलावताही येत नाही. गाडी चालवण्याची पाळी कोणाकडे, यावर गटात बरीच घासाघीस होते. दरवर्षी तोच एक समजूतदार माणूस पुढे येत असेल तर त्याला एकदा तरी सायकलवर बसवावे.

दुसऱ्या दिवशी 2329 ने पूर्वेकडे जायचे. हा रस्ता खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध आहे आणि सफरीतला सर्वांत देखणाही. डावीकडे-उजवीकडे कुरणे, मध्येच ॲडम्सवर चढणाऱ्यांची किलेन क्रीकची वाट सुटते, नंतर घोडेस्वारांचा कीन्स कॅम्प. पुढे 56 क्रमांकाने ॲडम्स फोर्कपर्यंत उतार. खडीवर चढ माणसाला थकवतो आणि उतार त्याला पाडतो. वजन मागे, बोटे दोन्ही ब्रेकवर, नजर चाकापुढे दहा-पंधरा मीटर, आणि वळणाच्या आधीच वेग कमी. वळणात ब्रेक दाबला की पुढचे चाक सैल खडीवरून निसटते. सेंट हेलेन्सच्या 18 मे 1980 च्या उद्रेकाची राख ईशान्येकडे वाहत या बाजूलाही पडली होती. पीठ झालेली धूळ कडेला साचलेली असते, आणि तिच्यात चाक रुतते. ॲडम्स फोर्कपाशी सिस्पस नदी भेटते. तिथून 21 क्रमांकाचा रस्ता पुन्हा 23 ला मिळतो, आणि सिस्पसच्या खोऱ्यातून रँडलपर्यंत उरलेले अंतर सोपे आहे.

या दुसऱ्या दिवसासाठी परतीची वेळ आधीच ठरलेली हवी. दुपारी ठरावीक वाजेपर्यंत गट कीन्सला पोचला नाही, तर पुढचा जास्तीचा फेरा रद्द करून जवळच्या वाटेने 23 गाठायचा, असा निर्णय घरी, नकाशासमोर बसून घ्यावा. जागेवर तो घेतला जात नाही. तिथे उत्साही माणूस ‘आता काय, थोडंच राहिलंय’ म्हणतो आणि दमलेल्याला नाही म्हणवत नाही. निर्णय देणारा एक म्होरक्या ठरलेला असावा. वयाने मोठा असलाच पाहिजे असे नाही, पण त्याचे ऐकले गेले पाहिजे. आणि थकलेल्या माणसाशी कोणी चेष्टा करू नये. गटातली बहुतेक भांडणे भुकेची असतात हे ओळखून आधी त्याच्या हातात चिक्की द्यावी.

रेंज नसल्याने निदान दोघांकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र हवे, तेही एकमेकांपासून लांब चालणाऱ्या दोघांकडे. अलीकडचे काही मोबाईलही उपग्रहावरून मदत मागू शकतात, पण त्यासाठी वर मोकळे आकाश लागते आणि दाट फरच्या जंगलात ते मिळतेच असे नाही. वॉशिंग्टन राज्यात हरवलेल्यांचा शोध आणि सुटका हे त्या त्या काउंटीच्या शेरीफचे काम आहे. ही वाट क्लिकिटॅट, स्कमेनिया आणि लुईस अशा तीन काउंट्यांतून जाते. त्यामुळे संदेशात नुसते ‘23 नंबर रस्त्यावर आहोत’ असे न लिहिता अक्षांश-रेखांश, जखम कोणती, माणसे किती आणि रात्र काढायला जवळ काय आहे, एवढे लिहावे. मदत यायला अनेक तास लागतील असे धरूनच प्रथमोपचार शिकावेत. दुर्गम भागासाठीचा दोन दिवसांचा अभ्यासक्रम गटातल्या एका-दोघांनी केलेला असला तर उत्तम. भारतातून पाहुणा आलेला कोणी सोबत येणार असेल तर त्याचा प्रवासविमा अशा सफरीला लागू आहे का, ते आधी वाचून पाहावे. अमेरिकेतील इस्पितळाचे बिल त्याच्या परतीच्या तिकिटाहून कितीतरी मोठे असू शकते.

शेवटी घरी राहिलेला माणूस. प्रत्येक गटाने शहरातल्या एका विश्वासू व्यक्तीकडे वाटेचा नकाशा, स्वारांची नावे, मोटारींचे क्रमांक आणि एक ठाम वेळ देऊन ठेवावी. त्या वेळेपर्यंत निरोप आला नाही, तर त्याने शेरीफच्या कचेरीला फोन करायचा, संकोच न करता. रँडलला रेंज आली की ढाब्यासारखे काही शोधायच्या आधी त्याला ‘सगळे पोचलो’ एवढे कळवावे. दुसरा फोन वनखात्याच्या कचेरीला: कोणत्या मैलावर झाड आडवे आहे, कोणती मोरी खचते आहे, ते क्रमांकासकट सांगावे. पुढच्या आठवड्यात निघणारा गट तिथेच चौकशी करणार आहे.